क्यूमधला मेसेज हरवू नये म्हणून काय काय करायचं: पहिला कंझ्युमर लिहिणाऱ्यांसाठी

ऐरोली, महापे, घणसोली किंवा इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, कुठेही नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींच्या वाट्याला एक काम हमखास येतं: "हा कंझ्युमर तू बघ." काम सोपं वाटतं. क्यू म्हणजे एका प्रोग्रॅमने दुसऱ्यासाठी टाकलेल्या मेसेजांची रांग, आणि कंझ्युमर म्हणजे ते मेसेज उचलणारा प्रोग्रॅम. क्यूमधून मेसेज घ्यायचा, त्यावर काहीतरी करायचं, पुढचा घ्यायचा. नेटवरचं उदाहरण उचललं की ते चालूही होतं. अडचण येते ती डेटाबेस थोडा वेळ बंद पडतो, नेट जातं किंवा भर दुपारी कोणीतरी नवीन व्हर्जन चढवतं तेव्हा. त्या क्षणी कंझ्युमरच्या हातात असलेल्या मेसेजचं काय झालं, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

मी बरीच वर्षं हेच काम करत आले आहे आणि नव्या मुलांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगते. कंझ्युमरच्या हाती आलेला प्रत्येक मेसेज शेवटी तीनपैकी एका ठिकाणी पोचला पाहिजे: काम पूर्ण झालं, थोड्या वेळाने पुन्हा करायचं ठरलं, किंवा माणसाने बघावं म्हणून बाजूला ठेवला. चौथी जागा असता कामा नये. तुमच्या कोडच्या प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: प्रोग्रॅम नेमका इथेच मेला, तर मेसेज या तिन्हींपैकी कुठे असेल? खालच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नातून निघतात.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण धरू. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक वजनकाट्यावर चढतो. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन अशी काटा पावती निघते. काट्यावरचा संगणक ती पावती मेसेज म्हणून क्यूमध्ये टाकतो. आपला कंझ्युमर तो मेसेज उचलतो, डेटाबेसमध्ये नोंद करतो, बिलिंगला कळवतो आणि ड्रायव्हरला एसएमएस पाठवतो. पावती हरवली तर बिल निघत नाही आणि गाडी गेटवर उभी राहते. पावती दोनदा नोंदली गेली तर व्यापाऱ्याच्या नावावर दुप्पट माल चढतो. दोन्ही वेळा फोन तुम्हालाच येणार.

सुरुवात करण्याआधी हाताशी काय हवं

- स्वतःच्या लॅपटॉपवर चालणारा ब्रोकर, म्हणजे क्यू सांभाळणारा सर्व्हर; रॅबिटएमक्यू, काफ्का ही अशा ब्रोकरांची नावं. रॅबिटएमक्यू असेल तर मॅनेजमेंट प्लगइनसकट घ्या. त्याचा स्क्रीन १५६७२ पोर्टवर उघडतो. डॉकरमध्ये चालवत असाल तर कंटेनरचं होस्टनेम कायम ठेवा. रॅबिटएमक्यू आपला डेटा नोडच्या, म्हणजे चालू असलेल्या सर्व्हरच्या, नावाखाली ठेवतो. नाव बदललं की व्हॉल्यूम जागेवर असूनही क्यू रिकामी दिसते, आणि माणूस नसलेला बग शोधत बसतो.
- प्रत्यक्ष वापरातले नमुना मेसेज. कागदपत्रात लिहिलेला आदर्श नमुना पुरत नाही. रिकाम्या रकान्यांचे, विचित्र नावांचे, जुन्या व्हर्जनचे मेसेज मागून घ्या.
- कंझ्युमर ज्या ज्या सिस्टिमला हात लावतो त्यांची यादी, आणि प्रत्येकीचा टाइमआउट.
- डेटाबेसमध्ये एखादं छोटं टेबल बनवायची परवानगी. सातव्या पायरीवर ती लागणारच.
- धंदा ज्याला कळतो अशा माणसाकडून दोन प्रश्नांची लेखी उत्तरं: "हा मेसेज दोनदा गेला तर काय बिघडेल?" आणि "गेलाच नाही तर किती वेळाने कोणाच्या लक्षात येईल?"

शेवटची गोष्ट बरेच जण टाळतात. टाळू नका, कारण पुढचे निम्मे निर्णय त्या दोन उत्तरांवर ठरतात.

१. मेसेज कुठे कुठे हरवू शकतो ते कागदावर काढा

पाठवणाऱ्यापासून ब्रोकरपर्यंत, ब्रोकरच्या डिस्कवर, ब्रोकरपासून कंझ्युमरपर्यंत, कंझ्युमरपासून डेटाबेसपर्यंत, आणि अपयशी मेसेज बाजूला ठेवतानाच्या वाटेवर. या पाच जागा. मेसेज हरवला की सगळे कंझ्युमरकडे बोट दाखवतात, पण तो कधीकधी क्यूपर्यंत पोचलेलाच नसतो. चित्र समोर असलं की भांडण न करता शोध घेता येतो.

२. ऑटो ॲक बंद करा

ॲक म्हणजे कंझ्युमरने ब्रोकरला दिलेली पोच: "माझं काम झालं, आता तू हा मेसेज विसर." रॅबिटएमक्यूमध्ये ऑटो ॲक चालू असेल तर ब्रोकर मेसेज नेटवर्कवर सोडल्याबरोबर तो पोचला असं धरतो. तुमच्या प्रोग्रॅमने तो वाचलासुद्धा नसेल, तरी तिकडून तो गेला. मॅन्युअल ॲक ठेवलं की तुम्ही स्पष्ट सांगेपर्यंत मेसेज "अनॲक्ड" म्हणून ब्रोकरकडे राहतो, आणि चॅनेल (एकाच कनेक्शनमधली वेगळी वाट) किंवा कनेक्शन तुटलं की आपोआप क्यूत परत येतो.

काफ्कात एकेका मेसेजची पोच नसते. तुम्ही कुठपर्यंत वाचलं याची खूण, म्हणजे ऑफसेट, पुढे सरकवायचा असतो. तिथे ऑटो कमिट मुळातच चालू असतं आणि त्याची वेळ ५ सेकंदांची असते. याबद्दल अर्धवट माहिती फार फिरते, म्हणून नीट सांगते. जावा क्लायंटमध्ये हे कमिट पोल करताना, म्हणजे ब्रोकरकडे नवे मेसेज मागताना, होतं आणि आधीच्या पोलमध्ये मिळालेल्या मेसेजांसाठी होतं. पोल, सगळं काम तिथल्या तिथे पूर्ण, मग पुढचा पोल, अशी सरळ चाल असेल तर ऑटो कमिटने सहसा काही हरवत नाही. हरवतं ते मेसेज दुसऱ्या थ्रेडकडे सोपवून तुम्ही लगेच पुढचा पोल मारता तेव्हा. थ्रेडचं काम अजून बाकी आणि ऑफसेट पुढे गेलेला. नव्याने लिहिताना ऑटो कमिट बंद करून स्वतः कमिट करा, म्हणजे पुढे कोणी थ्रेड घातले तरी चूक कोडमध्ये डोळ्यांना दिसेल.

ॲमेझॉनच्या एसक्यूएसमध्ये मेसेज डिलीट करणं हीच पोच. तोवर तो मेसेज फक्त लपवलेला असतो. ही लपवणूक, म्हणजे व्हिजिबिलिटी टाइमआउट, मुळात ३० सेकंदांची असते आणि १२ तासांपर्यंत वाढवता येते. तुमच्या कामाला ४० सेकंद लागत असतील आणि हा आकडा तसाच ठेवला असेल, तर काम चालू असतानाच तोच मेसेज दुसऱ्या कंझ्युमरला मिळतो.

काफ्काचा आणखी एक सापळा. नवीन कंझ्युमर ग्रुपला (काम वाटून घेणाऱ्या कंझ्युमरांचा गट) ऑफसेट सापडला नाही तर तो मुळात "लेटेस्ट"पासून वाचायला लागतो, म्हणजे आधी आलेलं सगळं सोडून. ग्रुप रिकामा राहून ७ दिवस उलटले की साठवलेले ऑफसेट सहसा पुसले जातात आणि पुन्हा हीच वेळ येते. दिवाळीच्या सुट्टीत बंद ठेवलेला कंझ्युमर या कारणाने मधलं सगळं गाळून पुढे जाऊ शकतो. मेसेज महत्त्वाचे असतील तर हे सेटिंग "अर्लिएस्ट" करा.

३. ॲक सगळ्यात शेवटी

क्रम असा असू द्या:

१) मेसेज घेतला
२) वाचला, रकाने तपासले
३) डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडलं
४) ही पावती आधी आली होती का ते बघितलं
५) मूळ काम केलं
६) ट्रान्झॅक्शन कमिट झालं
७) आता ॲक

सहा आणि सात यांच्यामध्ये प्रोग्रॅम मेला तर मेसेज पुन्हा येईल. तो दोनदा येणं आपण याच यादीतल्या ४) मध्ये सांभाळतो. उलट क्रमाने, आधी ॲक आणि मग कमिट, असं केलं तर मधल्या मृत्यूला कसलाच उपाय उरत नाही. दोनदा आलेलं ओळखता येतं. न आलेलं ओळखायला काहीच हातात नसतं.

कोड तपासताना या तीन जागा मी सगळ्यात आधी बघते:

ॲक "फायनली" ब्लॉकमध्ये लिहिलेलं असणं. काम फसलं तरी फायनली चालतोच, आणि फसलेल्या मेसेजलाही पोच जाते. दिसायला नीटनेटका कोड, पण मेसेज हरवण्याचा सगळ्यात शांत रस्ता.

चूक पकडून फक्त लॉग लिहिणं. कॅचमध्ये एक ओळ लॉगची, आणि बाहेर पडून खाली ॲक. लॉग ही आपली चौथी जागा झाली, जी नको होती. काही दिवसांनी लॉग पुसले गेले की मेसेजही गेला.

नोड.जेएसमध्ये (जावास्क्रिप्टमध्ये) "अवेट" विसरणं. डेटाबेसचं काम सुरू होतं, त्याची वाट न पाहता पुढची ओळ ॲक पाठवते. चाचणीत हे कधीच सापडत नाही, कारण लॅपटॉपवर डेटाबेस पटकन उत्तर देतो.

रॅबिटएमक्यूपुरतं अजून एक. ज्या चॅनेलवर मेसेज आला त्याच चॅनेलवर ॲक द्यायचं, आणि एकदाच. दुसऱ्या चॅनेलवर किंवा दुसऱ्यांदा दिलं तर "अननोन डिलिव्हरी टॅग" म्हणून ब्रोकर ते चॅनेलच बंद करतो, आणि त्या चॅनेलवरचे बाकीचे अनॲक्ड मेसेजही क्यूत परत जातात.

४. चुकांची वर्गवारी करा

प्रत्येक चुकीला "पुन्हा प्रयत्न" हे उत्तर नसतं. मी चार गट करते.

तात्पुरती चूक: डेटाबेसचं कनेक्शन तुटलं, समोरच्या सर्व्हिसने ५०३ (एचटीटीपीचा सध्या सेवा बंद असल्याचा कोड) दिला, ४२९ देऊन "हळू" म्हणाली, टाइमआउट झाला. यांना थोड्या वेळाने पुन्हा.

कायमची चूक: जेसन तुटलेलं आहे, गाडी नंबर नाही, ४०० किंवा ४२२ (पाठवलेला डेटाच चुकीचा) आला. हा मेसेज हजारदा पाठवला तरी हजारदा फसेल. पहिल्याच फेरीत बाजूला.

सगळ्यांचीच चूक: ४०१ किंवा ४०३ येतोय, पासवर्ड बदललाय, सर्टिफिकेट संपलंय. इथे मेसेजचा दोष नाही आणि पुढचा प्रत्येक मेसेज असाच फसणार. अशा वेळी मेसेज बाजूला टाकत राहिलात तर काही मिनिटांत अख्खी क्यू बाजूच्या क्यूत जाऊन पडते. मेसेज घेणंच थांबवा, हातातले परत करा, अलार्म वाजवा. क्यूमध्ये मेसेज सुखरूप आहेत, त्यांना तिथेच राहू द्या. हा गट बहुतेक लेखांत सापडत नाही, आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त त्रास यानेच होतो.

आणि चौथी, चूकच न देणारी चूक. एका वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन आलं आणि त्यातून निव्वळ वजन देवनागरी आकड्यांत यायला लागलं. रकाना तोच, मजकूर "१२३४०". पायथनमधल्या एका कंझ्युमरने ते बिनतक्रार वाचलं, कारण पायथनचा इंट देवनागरी अंक समजतो. शेजारच्या नोड.जेएसमधल्या कंझ्युमरमध्ये तेच वजन "नॉट अ नंबर" झालं. जावास्क्रिप्ट त्यावर चूक फेकत नाही. ती किंमत जेसनमध्ये लिहिली की तिचा "नल" होतो. बिलिंगकडे वजनाशिवाय पावती गेली, ॲक झालं, डॅशबोर्ड हिरवा. काट्यावरून फोन आला, "मॅडम, बिलावर वजनच नाहीये, गाडी सोडू कशी?" तेव्हा उलगडा झाला.

म्हणून पायरी तीनमधली तपासणी मनापासून करा. वजन हा आकडा आहे का, शून्याहून मोठा आहे का, भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं की निव्वळ येतं का. तपासणीत बसला नाही तो मेसेज कायमच्या चुकीच्या गटात. चूक जितकी लवकर आणि मोठ्याने ओरडेल तितकं बरं.

५. पुन्हा प्रयत्न: वेळ सोडून, मोजून

रॅबिटएमक्यूमध्ये मेसेज नाकारताना "रीक्यू" हो म्हटलं की तो शक्य तिथे आधीच्याच जागी परत जातो, म्हणजे जवळजवळ लगेच तुमच्याच हातात. डेटाबेस बंद असेल तर तोच मेसेज सेकंदाला शेकडो वेळा येतो आणि फसतो. सीपीयू तापतो, लॉग भरतात. ताबडतोब रीक्यू करणं हा उपाय समजू नका.

नेहमीचा उपाय म्हणजे थांब्याची क्यू. तिला कंझ्युमर नाही, फक्त मुदत आणि डेड लेटर एक्स्चेंज, म्हणजे मुदत संपलेले किंवा नाकारलेले मेसेज दुसऱ्या क्यूकडे वळवणारी सोय, आहे. मेसेज तिथे पडून राहतो, मुदत संपली की मूळ क्यूत परत येतो. १० सेकंद, १ मिनिट, १० मिनिटं अशा वेगवेगळ्या क्यू करा. एकाच क्यूत प्रत्येक मेसेजला वेगळी मुदत देऊ नका, कारण मुदत संपलेला मेसेज रांगेच्या तोंडाशी आल्यावरच बाहेर पडतो. पुढे १० मिनिटांचा बसला असेल तर मागचा १० सेकंदांचा त्याच्यामागे अडकतो.

प्रत्येक फेरीला थांबा वाढवा आणि त्यात थोडा अनियमितपणा मिसळा. नाहीतर पावसाळ्यात नेट जाऊन आल्यावर फसलेले सगळे मेसेज एकाच सेकंदाला परत येतात आणि नुकतीच उभी राहिलेली सर्व्हिस पुन्हा झोपवतात.

फेऱ्या मोजा. डेड लेटरच्या वाटेने आलेल्या मेसेजवर रॅबिटएमक्यू "एक्स-डेथ" हेडर लावतो, त्यात मोजणी सापडते. क्वोरम क्यूमध्ये (अनेक सर्व्हरवर प्रती ठेवणारी क्यू) पुन्हा पुन्हा डिलिव्हरीची मर्यादा असते, आणि २०२४ मध्ये आलेल्या ४.० पासून ती मुळातच २० केलेली आहे. इथे जपा. मर्यादा ओलांडली आणि डेड लेटर एक्स्चेंज लावलेलं नसेल, तर तो मेसेज टाकून दिला जातो. जुन्या व्हर्जनवरून ४.० वर जाताना हे सेटिंग आधी तपासा.

काफ्कात मेसेज "परत" करता येत नाही. फसलेला मेसेज वेगळ्या रिट्राय टॉपिकवर (टॉपिक म्हणजे काफ्कातली मेसेजांची नोंदवही) लिहायचा आणि ऑफसेट पुढे न्यायचा, पण तो लिहिला गेल्याची खात्री झाल्यावरच. यात क्रम मोडतो. एकाच गाडीच्या दोन पावत्यांचा क्रम महत्त्वाचा असेल तर हा मार्ग चालत नाही. तिथे त्या पार्टिशनला (टॉपिकचा एक भाग) "पॉज" करून पोल चालू ठेवावं लागतं. कोडमध्ये नुसती झोप घेऊन बसू नका. दोन पोलमधलं अंतर ५ मिनिटांच्या वर गेलं की मूळ सेटिंगनुसार ग्रुप तुम्हाला बाहेर काढतो आणि तुमची पार्टिशन दुसऱ्याला देतो.

६. डेड लेटर क्यू आणि तिचा मालक

बाजूला ठेवलेल्या मेसेजांची क्यू बनवणं सोपं आहे. तिच्याकडे कोणीतरी बघणं अवघड. क्यू बनवतानाच तिचा मालक ठरवा, नावानिशी.

मेसेज बाजूला ठेवताना त्याचं मूळ रूप अक्षरशः जसंच्या तसं ठेवा. पार्स करून पुन्हा लिहिलेलं नको, कारण कदाचित तिथेच बिघाड झाला असेल. सोबत चुकीचा मजकूर, वेळ, कितवी फेरी, कंझ्युमरचं व्हर्जन आणि मूळ क्यूचं नाव जोडा. मेसेजमध्ये ड्रायव्हरचा मोबाइल नंबर असेल तर ही क्यू कोणाला उघडता येते याचाही विचार करा.

आता सापळे. रॅबिटएमक्यूमध्ये डेड लेटर एक्स्चेंजचं नाव चुकलं, किंवा ते एक्स्चेंज अस्तित्वातच नसेल, तर मेसेज गुपचूप नाहीसा होतो. कसलीही चूक येत नाही. तसंच, डेड लेटरची सोय न लावता "रीक्यू नको" म्हणून नाकारलेला मेसेज म्हणजे कायमचा गेला. म्हणून सेटिंग केल्यावर एक मुद्दाम खराब मेसेज पाठवा आणि तो बाजूच्या क्यूत उतरलेला डोळ्यांनी बघा. क्वोरम क्यू असेल तर डेड लेटरची वाटचाल "ॲट लीस्ट वन्स" करण्याची सोय ३.१० पासून आहे. मुळातली पद्धत तेवढी हमी देत नाही.

एसक्यूएसमध्ये मेसेज मुळात ४ दिवस टिकतो, जास्तीत जास्त १४ दिवस. स्टँडर्ड क्यूत डेड लेटर क्यूमध्ये गेल्यावरही दिवस मोजले जातात ते मेसेज पहिल्यांदा टाकला त्या वेळेपासून. मूळ क्यूत ३ दिवस घालवून आलेल्या मेसेजला ४ दिवसांच्या डेड लेटर क्यूत एकच दिवस मिळतो. शुक्रवारी संध्याकाळी पडला तर सोमवारी तुम्ही ऑफिसात पोचेपर्यंत तो नसेल. डेड लेटर क्यूची मुदत सरळ १४ दिवस ठेवा.

परत पाठवण्याची सोयही आधीच बनवा. निवडक मेसेज पाठवता आले पाहिजेत, आणि बग सुधारल्याशिवाय कोणीही "सगळे परत" हे बटण दाबू नये.

७. दोनदा आला तरी एकदाच घडलं पाहिजे

वरचं सगळं नीट केलं की मेसेज हरवणार नाही, पण कधीकधी दोनदा येईल. हा सौदा करावाच लागतो.

मेसेजला धंद्यातली ओळख हवी. इथे काट्याचा क्रमांक, पावती क्रमांक आणि पावतीची तारीख. तारीख लागतेच, कारण बरेच काटे पावती क्रमांक दरवर्षी एकपासून सुरू करतात. "झालेले मेसेज" असं एक टेबल करा, या तिन्हींवर युनिक बंधन घाला, आणि मूळ कामाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्यात नोंद टाका. नोंद आधीच असेल तर काम गाळून थेट ॲक. आधी बघून मग टाकणं पुरत नाही. दोन कंझ्युमर एकाच क्षणी बघू शकतात. निर्णय डेटाबेसच्या बंधनालाच घेऊ द्या.

डिलिव्हरी टॅग ही ओळख नाही, तो फक्त त्या चॅनेलपुरता असतो. "रीडिलिव्हर्ड" ही खूण निव्वळ इशारा आहे. पाठवणाऱ्यानेच दोनदा पाठवलं तर ती लागत नाही. एसक्यूएसच्या फिफो क्यूची डुप्लिकेट ओळखायची खिडकी ५ मिनिटांची आहे, दुपारी परत पाठवलेल्या सकाळच्या पावतीला तिचा उपयोग नाही. काफ्काचं "एक्झॅक्टली वन्स" काफ्कातून वाचून काफ्कातच लिहिण्यापुरतं आहे, तुमच्या डेटाबेसला ते लागू होत नाही.

एसएमएसचं काय? तो ट्रान्झॅक्शनमध्ये बसत नाही. कंझ्युमरमधून थेट पाठवू नका. "हा एसएमएस पाठवायचा आहे" अशी ओळ त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात लिहा आणि पाठवणारा प्रोग्रॅम वेगळा ठेवा. ड्रायव्हरला एखादा एसएमएस दोनदा गेला तर चालून जातं. बिलिंगला मात्र पावतीची ओळख सोबत द्या, म्हणजे त्यांनाही दुबार आलेली ओळखता येईल.

८. पाठवणाऱ्याकडेही बघा

कंझ्युमर तुमचा असला तरी हे विचारून घ्या. रॅबिटएमक्यूत क्यू ड्युरेबल, म्हणजे रीस्टार्टनंतर टिकणारी, आहे का, मेसेज पर्सिस्टंट, म्हणजे डिस्कवर लिहिला जाणारा, आहे का (दोन्ही लागतात, एकाने भागत नाही), पब्लिशर कन्फर्मची, म्हणजे मेसेज मिळाल्याच्या ब्रोकरच्या पोचेची, वाट पाहिली जाते का, आणि कुठल्याच क्यूला न जाणारा मेसेज परत मिळावा म्हणून मँडेटरी खूण लावली आहे का. काफ्कात "ॲक्स ऑल" (सिंकमधल्या, म्हणजे अद्ययावत, सगळ्या प्रतींनी लिहिल्यावरच पोच), सोबत ३ प्रती आणि किमान २ सिंकमध्ये. किमानचा आकडा मुळात १ असतो, तो तसाच राहिला तर एकच प्रत उरलेली असतानाही "ऑल"ची पोच मिळून जाते.

काट्यावरची लाइट गेली तर? तिथल्या संगणकाने पावती आधी स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहावी, मग क्यूत टाकावी आणि कन्फर्म आल्यावरच "पाठवली" अशी खूण करावी.

९. बंद होण्याचीही रीत असते

नवीन व्हर्जन चढवताना कुबरनेटिस (कंटेनर चालवणारी यंत्रणा) तुमच्या प्रोग्रॅमला सिगटर्म, म्हणजे बंद होण्याची सूचना, पाठवतं, मुळात ३० सेकंद थांबतं आणि मग मारून टाकतं. डॉकर स्टॉप मुळात १० सेकंद देतं. सिगटर्म आला की नवीन मेसेज घेणं थांबवा, हातातलं पूर्ण करा, ॲक द्या, कनेक्शन बंद करा. डॉकरफाइलमध्ये आज्ञा शेल पद्धतीने लिहिली असेल तर सिग्नल शेललाच मिळतो आणि तुमच्या प्रोग्रॅमला काही कळत नाही. आज्ञा यादीच्या स्वरूपात लिहा.

प्रीफेच, म्हणजे एका वेळी किती मेसेज हातात घ्यायचे तो आकडा, रॅबिटएमक्यूत ठरवला नाही तर त्याला मर्यादाच नसते. अख्खी क्यू एकाच कंझ्युमरच्या मेमरीत येऊन बसते आणि बाकीचे मोकळे. एकेक काम सेकंदभराचं असेल तर लहान आकड्याने सुरुवात करा आणि मोजून वाढवा. रॅबिटएमक्यू ॲकची मुळात ३० मिनिटं वाट पाहतो, नंतर चॅनेल बंद करतो. हातात घेतलेला मेसेज आत रांगेत पडून राहिला तरी ही ३० मिनिटं मोजली जातात.

१०. मुद्दाम मोडून बघा, आणि अलार्म लावा

लॅपटॉपवर १००० पावत्या पाठवा आणि मधेच हे करा:

- कंझ्युमरला किल -९ ने, म्हणजे कसलीही सूचना न देता, मारा. नंतर सिगटर्मने.
- डेटाबेस बंद करा, थोड्या वेळाने चालू करा.
- ब्रोकर रीस्टार्ट करा.
- दहा पावत्यांत वजन देवनागरी आकड्यांत टाका, पाच पावत्या दोनदा पाठवा.
- बिलिंगच्या नकली सर्व्हिसकडून ४०१ द्या.

सगळं शांत झाल्यावर ताळा जुळवा. डेटाबेसमधल्या वेगळ्या पावत्या, थांब्याच्या क्यू, डेड लेटर क्यू आणि मूळ क्यूत उरलेले यांची बेरीज बरोबर १००० यायला हवी. ९९९ आली तरी कोड पुढे जाऊ देऊ नका. तो एक कुठे गेला ते शोधताना या कामातलं जेवढं कळतं तेवढं कुठल्याही कोर्समध्ये कळत नाही.

प्रत्यक्ष वापरात याच बेरजेचा रोजचा अहवाल लावा: प्रत्येक काट्याने दिवसभरात काढलेल्या पावत्या आणि आपल्याकडे नोंदलेल्या पावत्या. अलार्म चार पुरतात. डेड लेटर क्यूत एकही मेसेज आला. सगळ्यात जुना मेसेज ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त थांबला. अनॲक्डचा आकडा हलेनासा झाला. कंझ्युमरची संख्या शून्य झाली. क्यूच्या लांबीवर अलार्म लावायचा मोह होतो, पण सकाळी बाजार उघडला की क्यू लांब होणारच. मेसेजचं वय जास्त खरं सांगतं.

प्रत्येक अलार्मखाली एक ओळ लिहून ठेवा: आधी कुठला स्क्रीन उघडायचा, काय बघायचं, कोणाला फोन करायचा, आणि डेड लेटर क्यू "पर्ज" (पूर्ण रिकामी) करायची नाही.